माझा आई कामाला गेला

2025 च्या उन्हाळ्यात आमच्या शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेजचा पूर आला होता. पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी शिकवायची, असा शासन निर्णय एप्रिलमध्ये निघाला, जूनमध्ये तो थोडा बदलून पुन्हा निघाला आणि सगळे पेटले. सहा वर्षांच्या लेकरावर परक्या भाषेचं ओझं कशाला? मूल घरच्या भाषेतच विचार करतं. आधी मातृभाषा पक्की होऊ द्या. मी प्रत्येक मेसेजला अंगठा दिला, कारण प्रत्येक वाक्य मला पटत होतं. 29 जूनला, रविवारी संध्याकाळी, दोन्ही निर्णय रद्द झाल्याची बातमी आली. ग्रुपवर पेढ्यांचे फोटो पडले.

दुसऱ्या दिवशी सोमवार. विदर्भात शाळा उशिरा उघडते, त्यामुळे पहिलीचा वर्ग अजून नवाकोरा होता. अकरा लेकरं दारातून आत आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. मी मुद्दाम मराठीत म्हणालो, "बसा रे बाळांनो." अकराही जण उभेच. एकानं माझ्या तोंडाकडे पाहिलं, एकीनं दाराकडे. मग त्यांच्या घरच्या भाषेत, कोरकूत सांगितलं, तेव्हा बसले.

ही मराठी माध्यमाची शाळा आहे. या अकरांपैकी एकाच्याही घरात मराठी बोलत नाहीत.

मी मेळघाटात शिकवतो. परतवाड्याहून घाट चढायचा, सेमाडोह, हरिसाल मागे टाकायचं आणि धारणी यायच्या आत एका कच्च्या रस्त्याला वळायचं. गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर उद्या केंद्रावर चहाबरोबर माझंच नाव निघेल. 2009 मध्ये शिक्षणसेवक म्हणून आलो तेव्हा महिन्याला 3000 रुपये मानधन होतं आणि इथून बदली कधी होईल हा एकच विचार डोक्यात होता. गाव माझं दर्यापूरकडचं, खारपाणपट्ट्यातलं. आमच्याकडे विहिरीचं पाणी खारट, झाड शोधावं लागतं. इथं आल्यावर पहिले आठ दिवस मी नुसता सागवान बघत होतो. नदीचं नाव सिपना. मला वाटायचं, कुणीतरी 'सपना'चा अपभ्रंश केलाय. कोरकूत सिपना म्हणजे साग, हे कळायला मला चार वर्षं लागली. सांगणारी मुलगी चौथीत होती. 'गुरुजीला एवढंही माहीत नाही' हे तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं.

आता त्या वहीबद्दल सांगतो, कारण हे सगळं लिहायला बसलो ते तिच्यामुळे.

नोकरीचं पहिलंच वर्ष. तिसरीच्या वर्गाला 'माझे घर' या विषयावर पाच ओळी लिहायला दिल्या होत्या. एका मुलानं लिहिलं होतं: 'माझा आई कामाला गेला. माझी बाप घरी आहे. ती बैल चारते. आमचा गाय काळा आहे.' पाचवी ओळ नव्हती. माझ्या लाल पेनानं त्या चार ओळींत सात गोल केले. खाली शेरा मारला: 'लिंग चुकते. सराव करणे.' संध्याकाळी शेजारच्या शाळेवरच्या जुन्या गुरुजींना हसत हसत सांगितलं, तर ते म्हणाले, "अरे, यायले आई-बापातला फरक कळत नाही, तू व्याकरणाचं घेऊन बसला." दोघंही हसलो. मुलाच्या प्रगतिपत्रकात मी भाषेपुढे काय लिहिलं असेल ते तुम्ही ओळखा.

तो मुलगा पुढच्या वर्षी आलाच नाही. दिवाळीनंतर आईबाप खाली मैदानात हरभरा सोंगायला गेले, त्यांच्याबरोबर तोही गेला. होळीला परत आला, पण शाळेत नाही.

सहा-सात वर्षांनी एका मित्रानं फोनवर एक पुस्तक पाठवलं. जॉन ड्रेक नावाच्या मिशनऱ्यानं लिहिलेलं कोरकूचं व्याकरण, 1903 साली कलकत्त्यात छापलेलं, इंग्रजीत. आमच्याकडे रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर येते. टाकीच्या कठड्यावर पाय सोडून मी ते डाउनलोड केलं आणि तिथंच वाचायला लागलो. माझं इंग्रजी यथातथाच, अर्धं शब्दकोश बघत वाचलं. त्यात होतं की कोरकूत पुल्लिंग-स्त्रीलिंग असा भेदच नाही. भेद आहे तो जिवंत आणि निर्जीव असा. माणूस, बैल, कोंबडी एका बाजूला; दगड, नांगर, घर दुसऱ्या बाजूला. आई गेली काय आणि बाप गेला काय, क्रियापदाला त्याचं सोयरसुतक नाही.

म्हणजे त्या मुलाला आई-बापातला फरक चांगला कळत होता. त्याला कळत नव्हतं ते एवढंच, की मराठी माणसाला 'गेला' म्हणतानासुद्धा समोरचा बाप्या की बाई हे का सांगावं लागतं. खरं सांगायचं तर ते मलाही माहीत नाही. भिंत ती, दरवाजा तो आणि घर ते, याचं कारण मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

टाकीवरून उतरताना त्या वहीतले सात गोल डोळ्यांपुढे होते.

पुढे वाचत गेलो तसा माझा अभिमान आणखी उतरत गेला. आम्हाला शाळेत संस्कृत शिकवणारे सर 'रामः, रामौ, रामाः' म्हणताना मधल्या 'रामौ'वर थांबायचे. द्विवचन! एवढी बारकाई जगातल्या फार थोड्या भाषांत असते, असं सांगताना त्यांची मान ताठ व्हायची. मराठीनं ते केव्हाच टाकून दिलं. कोरकूनं ठेवलं आहे. सीटा म्हणजे कुत्रा, सीटाकिंग म्हणजे दोन कुत्रे, सीटाकू म्हणजे पुष्कळ. ज्या पोरांना आम्ही 'डोक्यानं मंद' म्हणत होतो, ती पोरं वयाच्या तिसऱ्या वर्षापासून द्विवचन चालवत होती आणि त्याचं कौतुक करायला तिथं कुणी शास्त्री नव्हता.

'कोरकू' हे नावही तसंच बनलंय. कोरो म्हणजे माणूस, कू हे अनेकवचन. कोरकू म्हणजे माणसं, बस. आपल्या समाजाला 'माणसं' म्हणणारे लोक आणि त्यांना 'जंगली' म्हणणारे आम्ही.

'आम्ही' आणि 'आपण' हा मराठीतला फरक हिंदीवाल्याला समजावताना आपल्याला कोण आनंद होतो. 'आपण जाऊ' म्हणजे तूही चल, 'आम्ही जाऊ' म्हणजे तू थांब. कोरकूत हा फरक आहेच, वर दोघांसाठी तो आणखी वेगळा आहे. आलांग म्हणजे तू आणि मी. आलिंग म्हणजे मी आणि तो, तू नाही. पुष्कळ माणसं असतील तर पुन्हा वेगळे दोन शब्द. मला बरीच वर्षं आलांग आणि आलिंग एकच ऐकू यायचं. एकदा मधल्या सुट्टीत खिचडी झाल्यावर दोन पोरं नदीवर निघाली. मी दारातून ओरडून विचारलं, कुठं? एकानं उत्तर दिलं आणि त्यात मला आलांग ऐकू आलं. मी आपला चप्पल घालून त्यांच्याबरोबर निघालो. दोघंही थबकली आणि एकमेकांकडे बघायला लागली. त्यांनी मला सरळ सांगितलं होतं की तुम्ही नाही, आम्ही दोघंच, आणि मी निघालो होतो. 'आ'चा 'इ' झाला होता आणि तेवढ्यात मी बाहेर होतो.

आता माझं ऐका. मी वऱ्हाडी माणूस. 'करून राहिलो', 'काऊन', 'कायले' हे माझ्या आईच्या दुधाबरोबर आलेलं. डी.एड.ला असताना पहिल्या सराव पाठाला मी फळ्याकडे वळून म्हणालो, "आता मी चित्र काढून राहिलो." मागे बसलेले अध्यापक मोठ्यानं हसले, म्हणून सगळा वर्ग हसला. पाठ झाल्यावर त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की शिक्षकाची भाषा शुद्ध पाहिजे, ही गावठी भाषा घरी ठेवून यायची. मी ठेवली. पुढचं वर्षभर रात्री आरशापुढे 'काढतो आहे, जातो आहे, करतो आहे' असं घोकलं. आईशी फोनवर बोलतानाही एकदा 'जातो आहे' निघून गेलं, तर ती म्हणाली, "काऊन बावा, तब्येत बरी नाही का तुही?"

हे शुद्ध मराठी तरी कुठून आलं? तेही इंग्रजाच्या कचेरीतून जाऊनच शुद्ध झालंय. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश 1831 चा. त्याचा सहकारी कँडी पुढे कितीतरी वर्षं सरकारी शाळांची मराठी पुस्तकं तपासत बसला होता. पुण्या-मुंबईकडच्या शिकलेल्या लोकांची बोली प्रमाण धरली गेली आणि उरलेल्या महाराष्ट्राच्या तोंडात अशुद्धी आली. आमच्या वऱ्हाडचा तर त्या मुंबई इलाख्याशी संबंधही नव्हता. आम्ही 1853 पर्यंत निजामाचे, मग इंग्रजांच्या हाती, 1903 पासून मध्य प्रांताबरोबर. तरी लाल पेन आमच्यापर्यंत पोचला. त्या अध्यापकांच्या हातातून माझ्या हातात आला आणि मी तो घाट चढवून इथवर आणला.

मेळघाटात इंग्रज आला तो सागासाठी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जंगल राखीव झालं. डोंगर फिरवून शेती करणाऱ्या लोकांना एका जागी बसवलं, कारण जंगलखात्याला झाडं तोडायला हातही पाहिजे होते. जंगल सरकारचं झालं आणि त्यात राहणारा माणूस परवानगीनं राहणारा झाला. 1947 नंतर पाटी बदलली, बाकी फार काही बदललं असं इथल्या म्हाताऱ्यांच्या बोलण्यात येत नाही. 1973-74 मध्ये व्याघ्र प्रकल्प आला, देशातल्या पहिल्या नऊपैकी एक. पुढे गाभ्यातली गावं उठवून अकोट-तेल्हाऱ्याकडच्या मैदानात वसवली. तिथं आता कोरकू पोरं वऱ्हाडी पोरांबरोबर बसतात. तिकडच्या एका शिक्षक मित्राचं म्हणणं आहे की ती पटापट वऱ्हाडी उचलतात. उचलणारच. पण दोन पिढ्यांनी सिपना म्हणजे साग हे त्यांना कोण सांगणार? तिथं तर सागही नाही आणि सिपनाही नाही.

भाषेची राज्यं झाली तेव्हा कोरकूचं काय झालं, हे मी कुठल्याही पाठ्यपुस्तकात वाचलेलं नाही. 1 मे 1960 चा धडा आम्ही दर वर्षी शिकवतो, हुतात्म्यांना नमन करतो, माझ्याही अंगावर काटा येतो. पण नकाशा पाहिला की दिसतं, मराठी माणसाला राज्य मिळालं, हिंदी माणसाला राज्य मिळालं आणि कोरकू माणसाच्या मधून सीमा गेली. अलीकडे अमरावती जिल्हा, पलीकडे खंडवा, बुऱ्हाणपूर, बैतूल. तापीच्या अलीकडच्या बहिणीचं पोरगं 'कमळ' लिहितं, पलीकडच्या बहिणीचं 'कमल'. दोघी होळीला भेटतात तेव्हा बोलतात कोरकूतच. 2011 च्या जनगणनेत 7,27,133 लोकांनी कोरकू ही मातृभाषा सांगितली. घटनेच्या आठव्या अनुसूचीत 22 भाषा आहेत. 2003 च्या दुरुस्तीनं त्यात संथाळी आणि बोडो आल्या. संथाळी ही कोरकूची लांबची बहीण, एकाच मुंडा कुळातली. ती आत गेली, ही बाहेर राहिली.

घटनेतच 350 क हे कलम आहे, 1956 मध्ये घातलेलं. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची पुरेशी सोय करण्याचा राज्यानं प्रयत्न करावा, असं त्यात म्हटलंय. 2009 चा शिक्षण हक्क कायदा म्हणतो, शक्य तोवर मातृभाषेतून. 2020 चं धोरण म्हणतं, शक्य तिथं किमान पाचवीपर्यंत. 'शक्य तोवर' हा सरकारी कागदांतला माझा सगळ्यात नावडता शब्दप्रयोग आहे.

पण कागदाला तरी किती दोष देऊ? एकदा कसल्याशा माहितीसाठी दाखल-खारीज रजिस्टर काढलं. त्यात मातृभाषेचा रकाना असतो. पानामागून पान बघत गेलो. मराठी, मराठी, मराठी, मधेच हिंदी, पुन्हा मराठी. माझ्या आधीच्या गुरुजींचं अक्षर, त्यांच्या आधीच्यांचं आणि मग माझंच. 2009 ते 2015, सहा वर्षं मी स्वतःच्या हातानं प्रत्येक कोरकू मुलाची मातृभाषा मराठी लिहिली होती. कुणी सांगितलं नव्हतं. वर तसं होतं म्हणून खाली तसंच ओढलं. शासनानं उद्या खरोखर विचारलं की या शाळेत कोरकू मुलं किती, तर रजिस्टर उत्तर देईल: एकही नाही.

रजिस्टरवरून आडनावांचं आठवलं. कासदेकर, बेठेकर, मावस्कर, जांबेकर. हजेरी वाचताना रत्नागिरीतल्या शाळेची वाटावी. 'कर' लागलं की आपण गाव शोधतो. इथं गाव नाही. कासदा, बेठे, मावसी, जांबू ही कोरकू लोकांची गोतं. मध्य प्रदेशात तीच माणसं कासदे आणि बेठे अशीच राहिली. सीमेच्या अलीकडे कुणीतरी, बहुतेक एखाद्या गुरुजीनं किंवा तलाठ्यानं, त्यांना 'कर' चिकटवून मराठी करून टाकलं. एकदा तपासणीला आलेल्या एका साहेबांनी पट बघून मला कौतुकानं विचारलं, "जांभेकर? बाळशास्त्रींचे कोण लागतात?" मी म्हणालो, "चौकशी करतो, साहेब." पोरगं बाकावर बसून नाक पुसत होतं.

त्याच साहेबांना आमची शब्दभिंत खटकली होती. वर्गाच्या मागच्या भिंतीवर काळा रंग मारून मी तीन-चार वर्षांपूर्वी दोन रकाने आखले. डावीकडे कोरकू, उजवीकडे मराठी. पोरं शब्द आणतात, मी देवनागरीत लिहितो, बरोबर लिहिलं की नाही ते पोरं ठरवतात. डा, पाणी. उरा, घर. कुला, वाघ. सीम, कोंबडी. मग आकडे: मीया, बारिया, आपई. साहेब म्हणाले, "मराठी शाळा आहे ना गुरुजी? मग हे काय काढून ठेवलं?" मी नवीन धोरणाचं परिपत्रक दाखवलं. त्यांनी ते वाचलं, घडी घालून परत दिलं आणि म्हणाले, "ते ठीक आहे, पण मुलं वाचतात का ते सांगा."

प्रश्न चुकीचा नव्हता. मुलं वाचतात. हेच तर दुखणं आहे. चौथीतली एक मुलगी पुस्तकातला अख्खा धडा न अडखळता वाचायची, स्वल्पविरामाला थांबून, प्रश्नचिन्हाला आवाज चढवून. पाहुण्यांपुढे मी नेहमी तिलाच उभी करायचो. एकदा सहज विचारलं, धड्यातली आजी का रडली? ती गप्प. आजी कोण होती? गप्प. शेवटी कळलं की आपण अक्षरांचा आवाज काढायचा असतो एवढंच तिला ठाऊक होतं, त्या आवाजाला अर्थही असतो असं तिला चार वर्षांत कुणी दाखवलंच नव्हतं. मी तिला वाचायला नाही, म्हणायला शिकवलं होतं, भटजी मंत्र म्हणतात तसं. आता पहिलीचे पहिले काही महिने मी जवळजवळ सगळं कोरकूत बोलतो, मोडकंतोडकं. पोरं हसतात. हसू देतो. गुरुजी चुकतात हे बघून त्यांना चुकायला धीर येतो. मग मराठी हळूहळू आणतो, पाहुणी यावी तशी.

गावात सगळ्यांना हे पटलंय असं समजू नका. शब्दभिंत रंगवली त्याच आठवड्यात तीन-चार बाप शाळेत आले. त्यातला एक, जो पुण्याकडे बांधकामावर जाऊन आलेला, तो हिंदी-वऱ्हाडीच्या मिश्रणात म्हणाला, "गुरुजी, कोरकू तो घर में आतीच है. ते तुम्ही कायले शिकवता? तुम्ही मराठी शिकवा, इंग्लिश शिकवा. मी तिकडं एसटीचा बोर्ड वाचू शकलो नाही, रात्रभर स्टँडवर बसलो." मी माझं ते धोरण, मेंदू, संकल्पना वगैरे सुरू केलं. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमचा पोरगा कोणत्या शाळेत आहे?"

माझा मुलगा अमरावतीला आहे. इंग्रजी माध्यमात.

मी खोटं बोललो नाही, पण तिथंच माझं व्याख्यान संपलं. त्यानंतर मी गावात भाषेवर भाषण देत नाही. एवढंच सांगतो की मराठी लवकर यावं म्हणूनच कोरकूतून सुरुवात करतोय. हे खरंही आहे. पण ते सगळं खरं नाही हेही मला कळतं. पूल म्हणून वापरलेली भाषा पलीकडे पोचल्यावर कुणाला लागते? आदिवासी विकास विभागाच्या योजनेतून काही पोरं शहरातल्या निवासी इंग्रजी शाळांत जातात. आमच्या गावचं एक पोरगं असंच गेलंय. दिवाळीला आलं तेव्हा ओट्यावर आजीशेजारी बसलं होतं. आजी कोरकूत विचारत होती, पोरगं हिंदीत उत्तर देत होतं. आजीला थोडंफार हिंदी कळतं, बाजारापुरतं. नातवाशी ती बाजारच्या भाषेत बोलत होती. पोरगं हुशार आहे, पाढे इंग्रजीत म्हणतं, बापाची छाती फुगते. मलाही त्याचं कौतुकच वाटलं. आणि घरी येऊन जेवण गेलं नाही.

'आपली भाषा टिकवा' असं मी त्या बापाला सांगायचं, ते कुठल्या तोंडानं? आजवर तिचा उपयोग त्याला झाला तो मार खायलाच. आश्रमशाळेत कोरकू बोललं म्हणून मार बसलेले निदान पाच जण मी ओळखतो, सगळे माझ्याहून वयानं लहान.

ऑक्टोबर 2024 मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, त्या रात्रीही ग्रुपवर पेढे होते. मीही टाकले. ज्ञानोबांपासून तुकोबांपर्यंत सगळे आठवले. मग आमच्या गावच्या भूमकाची, म्हणजे कोरकू पुजाऱ्याची, आठवण झाली. रात्रभर चालतील एवढी गाणी त्याला पाठ आहेत, त्यातल्या पुष्कळांचा अर्थ आता तरुणांना लागत नाही आणि त्यातली एक ओळही कुठं लिहिलेली नाही. मी दोनदा फोनवर रेकॉर्ड करायला बसलो. पहिल्यांदा बॅटरी गेली. दुसऱ्यांदा तो म्हणाला, हे गाणं होळीचं आहे, श्रावणात कसं म्हणू? त्याचंही बरोबर होतं.

शेवटी एक गोष्ट सांगून थांबतो, या जानेवारीतली.

शब्दभिंतीसमोर दुसरी-तिसरीची पोरं बसली होती. पाण्याच्या ओळीवर बोट ठेवून मी विचारलं, हे काय? सगळे ओरडले, "डा!" मागे बसलेली एक मुलगी हळूच काहीतरी म्हणाली. मी म्हटलं, मोठ्यानं सांग. ती म्हणाली, "माझी आजी जोप्पो म्हणते."

आणि पोरं हसली. फिदीफिदी, एकमेकांना कोपर मारत. एकानं कोरकूत काहीतरी शेरा मारला, त्यात 'निहाल' हा शब्द मला स्पष्ट ऐकू आला. ते हसणं मी ओळखत होतो. डी.एड.च्या वर्गात ते माझ्या पाठीमागून आलं होतं, अगदी त्याच सुरात.

निहाल लोक गावाच्या कडेला राहतात. कोरकू त्यांना कमी लेखतात. कुणी तोंडावर म्हणत नाही, पण पाणी भरताना रांग बघितली की कळतं. इकडचे निहाल बहुतेक कोरकूच बोलतात. त्यांची स्वतःची भाषा निहाली, ती उरलीय तिकडं बुलढाण्यात, जळगाव जामोदच्या बाजूला. बोलणारे दोन-अडीच हजारांच्या आसपास. ती कोरकूसारखी मुंडा नाही, मराठीसारखी आर्य नाही, गोंडीसारखी द्राविडही नाही. भाषेचे अभ्यासक तिला जगातल्या कुठल्याच कुळात बसवू शकलेले नाहीत. दहा हजारांच्या खाली बोलणारे असले की जनगणनेच्या छापील यादीत भाषेचं नाव येत नाही, म्हणून ती तिथंही नाही. या मुलीची आजी जामोदकडची, लग्न होऊन इकडं आलेली.

मी पोरांना गप्प केलं. तिला जवळ बोलावून खडू दिला. भिंतीवर तिसरा रकाना नव्हता, म्हणून तिनं 'पाणी'च्या पुढं उरलेल्या जागेत लिहिलं, 'जोपो'. मी म्हणालो, आजी म्हणते तसं म्हणून बघ. तिनं म्हणून पाहिलं आणि मग मधे आणखी एक अर्धा प घातला. मी टाळ्या वाजवायला लावल्या. आता वाटतं, ते चुकलंच.

संध्याकाळी कुलूप लावायला गेलो तर भिंतीवर डा होतं, पाणी होतं आणि पुढं ओल्या हातानं पुसल्याचा पांढुरका डाग होता.

कुणी पुसलं, हे मी वर्गात विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी खिचडीच्या वेळी तिला एकटीला गाठून एवढंच विचारलं, "परत लिहू का?" तिनं ताटातला वाटाणा बोटानं एका कडेला लावला, मग दुसरा लावला.

"आजीले विचारून सांगते," ती म्हणाली.

आजी जामोदकडे गेली आहे, भावाकडे. होळीला येईल म्हणतात.